एसटीतली ओळख

"कोण हो बाई तुम्ही?" माझ्या आईनं मला विचारलं.

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीमागं कडुलिंबाखाली एक सिमेंटचं बाकडं होतं. आई त्यावर बसली होती. मांडीवर डबा, डब्यात धपाटी. शेजारी एक उंच, वाळके, पांढऱ्या केसांचे गृहस्थ अर्धं धपाटं हातात धरून बसले होते आणि त्यांच्यापुढं विद्यापीठाचा शिपाई धापा टाकत उभा होता. मी आईकडंच परत आले होते. "आई" म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, रस्त्यानं जाणाऱ्या बाईला न्याहाळावं तसं, आणि हा प्रश्न टाकला.

"बसायचंय का? मग बसा की. बाकडं काय माझ्या एकटीचं नाही."

मी बसले.

"सर," शिपाई त्या गृहस्थांना पुन्हा काकुळतीनं म्हणाला, "समिती तुमच्यासाठी खोळंबलीय. कुलगुरूसाहेब दोनदा बाहेर येऊन गेले. विषयतज्ज्ञाशिवाय मुलाखती सुरू कशा करायच्या? आम्ही सगळीकडं शोधलं तुम्हाला. गेस्ट हाउस झालं, कॅन्टीन झालं, संडाससुद्धा बघितला."

"इथंच तर होतो. या अक्का त्यांच्या गुडघ्याची गोष्ट सांगत होत्या." ते उठले. धपाटं टाकून देणं त्यांच्या जिवावर आलं असावं. उरलेलं त्यांनी एका घासात संपवलं. "अक्का, गोष्ट अर्धीच राहिली."

"राहू द्या आण्णा. गुडघा कुठं पळतोय?"

ते हसले. जाता जाता त्यांनी माझ्याकडं, मग माझ्या मांडीवरच्या पिशवीकडं, मग पुन्हा माझ्याकडं पाहिलं आणि लांब ढांगा टाकत शिपायामागून निघून गेले.

ते वळणाआड झाल्यावर आई ओठ न हलवता म्हणाली, "जा. लांब जाऊन बस. माझ्याकडं बघू नको."

"अगं पण..."

"उमेदवारी रद्द."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलाखतीच्या पत्रात तळाला एक ओळ होती: समितीच्या सदस्यांशी उमेदवारानं किंवा त्याच्या वतीनं कोणीही संपर्क साधल्यास उमेदवारी रद्द होईल. आदल्या आठवड्यात आईनं ते पत्र चष्मा लावून, ओळीवर बोट फिरवत वाचलं होतं. या ओळीवर तिचं बोट थबकलं होतं. "वतीनं म्हणजे घरचे पण आले का?" असंही तिनं विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं होतं. आमच्या घरच्यांपैकी कुणाची समितीच्या सदस्यांशी ओळख असण्याचा संभवच नव्हता.

आणि आता तिनं त्यांतल्या सगळ्यांत महत्त्वाच्या सदस्याला धपाटी खाऊ घातली होती.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मानवशास्त्राच्या त्या विभागात वैद्यकीय मानवशास्त्राची एकच जागा मंजूर झाली होती. विभागानं ती किती वर्षं मागितली होती कोण जाणे. माणसं आजारी पडली की काय समजतात, कुणाकडं जातात, काय लपवतात, याचा अभ्यास करणारा माणूस नेमावा असं सरकारला एकदाचं पटलं होतं. पण निवडणुका तोंडावर होत्या. आचारसंहिता लागली की सगळ्या नेमणुका थांबणार आणि थांबलेली जागा पुन्हा मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्याच दिवशी मुलाखती, त्याच दुपारी व्यवस्थापन परिषदेची बैठक आणि संध्याकाळी निकाल, असा घाईचा बेत होता. मी पस्तिशीला टेकले होते. तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत शिकवत होते आणि तिन्ही ठिकाणी मी समाजशास्त्राची बाई होते. माझ्या विषयाची अशी जागा या भागात पुन्हा निघेल अशी आशा नव्हती.

आई आली होती गुडघ्यासाठी. त्या शहरात हाडांचे एक नावाजलेले डॉक्टर होते. "तू मुलाखत दे, मी गुडघा दाखवते. एका फेरीत दोन कामं," असं म्हणून ती विट्याहून माझ्याबरोबर पहाटेच्या गाडीत बसली. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच होतो. मी तिला बाकड्यावर बसवून कागदपत्रं तपासून घ्यायला आत गेले, एवढ्यात हे घडलं.

मी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. आणखी चार उमेदवार तिथं होते. त्यांतले एक पुण्याचे डॉक्टर भिंतीकडं तोंड करून इंग्रजीत पुटपुटत होते. माझं मात्र सगळं पाठ केलेलं पुसलं गेलं होतं. डोक्यात एकच ओळ: वतीनं म्हणजे घरचे पण आले का?

थोड्या वेळानं तोच शिपाई कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला.

"हे घ्या. त्या बाकड्यावरच्या मावशींनी दिलंय."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, त्या निळ्या साडीतल्या बाई कोण आहेत ते ठाऊक नाही, पण उपाशी दिसतात."

दोन धपाटी होती. मधे लसणाची चटणी. मी खांबाआड जाऊन खाल्ली आणि मग मुलाखतीला लसणाचा वास घेऊन जावं लागणार हे लक्षात आलं.

माझं नाव पुकारलं. "डॉक्टर हेमलता कोष्टी."

लांब टेबल. मधे कुलगुरू. ते रसायनशास्त्राचे होते. उजवीकडं विभागप्रमुख इनामदार मॅडम, आणि डावीकडं ते आण्णा. समोरच्या पाटीवर नाव होतं: प्रा. नाडगौडा. मी पाटी पुन्हा वाचली. माझ्या प्रबंधात ज्यांच्या कामाचे दाखले पानोपानी दिले होते, ते हे नाडगौडा. चाळीस वर्षं सीमाभागातल्या खेड्यांत फिरलेला माणूस. आणि त्यांना माझी आई गुडघा सांगत होती.

कुलगुरूंनी सुरुवात केली. "मला एक समजावून सांगा. आजार हा डॉक्टरांचा विषय. तुमचं त्यात काय काम?"

"डॉक्टर विचारतात, कुठं दुखतंय. आम्ही विचारतो, दुखण्यामुळं काय काय अडलंय."

"आणि ते कळून फायदा?"

"औषध दिलंय पण पेशंट घेत नाही, हे कोडं पुष्कळदा तिथं सुटतं."

कुलगुरूंनी मान डोलावली. इनामदार मॅडमनी अभ्यासक्रमाचं विचारलं, क्षेत्रकार्याला मुलांना कुठं नेणार ते विचारलं. ती उत्तरं मला येत होती. मग नाडगौडा पुढं झुकले. बाकड्यावरचा मवाळ माणूस कुठल्या कुठं गेला होता.

"लहान मुलांची आजारपणं आणि दृष्ट, असा तुमचा विषय. प्रबंध मी वाचलाय. शेजारणीची दृष्ट आहे, जावेची आहे, वाटेवरच्या परक्या माणसाची आहे. आईची दृष्ट कुठं आहे?"

"एक परिच्छेद आहे सर."

"एक परिच्छेद! आपल्याकडं म्हणतात, सगळ्यांत आधी आईची लागते. तिची एवढ्यात बोळवण?"

"बायका त्यावर बोलत नाहीत. मी विचारलं की विषय बदलायच्या."

"तुमच्या आईला विचारलंत?"

मी एकदम बावचळले. "नाही."

"का?"

"तिनं मला भाकरी थापायला बसवलं असतं."

इनामदार मॅडम हसल्या. नाडगौडा हसले नाहीत.

"हे उत्तर झालं नाही. माणसं ज्या गोष्टीवर गप्प बसतात, तिचा अभ्यास तुम्ही करणार कसा? उद्या तुमच्या विद्यार्थ्यानं विचारलं तर काय सांगाल?"

पाठ केलेल्यांतलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

"सर, माणूस जी गोष्ट ज्याच्याबद्दल असते त्याला सांगत नाही, ती तिसऱ्याला सांगतो. दवाखान्याच्या रांगेत, एसटीत. पुन्हा भेट होणार नाही अशा कुणाला तरी. म्हणजे अभ्यास करणाऱ्यानं ते तिसरं माणूस व्हायचं."

"कुणाचंही?"

"शक्यतो."

"स्वतःच्या आईचं?"

"ते नाही जमणार सर. आईला मी तिसरी कशी होईन?"

ते मागं टेकले. "बघू," म्हणाले. एवढंच. मी बाहेर आले तेव्हा माझी खात्री झाली होती की यांना सगळं कळलंय आणि ते मला जाळ्यात पकडत होते.

दुपार जाता जाईना. आई जिन्याच्या पायऱ्यांवर बसली होती, मी समोरच्या झाडाखाली. मधून इमारतीतली माणसं ये-जा करत होती. आमची नजरानजर झाली की ती आभाळाकडं बघायची. एकदा मी डोळ्यांनीच विचारलं, डॉक्टरकडं जायचं नाही का? तिनं माझ्याकडं सपशेल पाठ केली.

ऊन कलल्यावर फलकावर कागद लागला. मी धावत गेले. पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्याआधी वाचला आणि वळून, मनापासून, माझा हात हातात घेतला. मला ते क्षणभर कळलंच नाही. मग माझं नाव दिसलं.

मी पायऱ्यांकडं धावले. "झालं! निवड झाली!"

आईशेजारी नाडगौडा बसले होते. गुडघ्याची उरलेली गोष्ट चालू होती.

आई शांतपणे म्हणाली, "कुणाची हो बाई?"

"माझी."

"बरं झालं. देवानं चांगलं केलं."

आणि ती डब्याच्या पिशवीची गाठ मारू लागली. एकदा मारली, सोडली, पुन्हा मारली. ती गाठ काही तिला बसेना. मला रडू फुटेल असं वाटलं म्हणून मी घाईनं वळले. मागून कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज आला. दृष्ट काढताना बायका मोडतात तशी, कानशिलावर.

परतीच्या गाडीत ते होतेच. विद्यापीठानं मोटार देऊ केली होती, पण मोटारीत माणसं बोलत नाहीत म्हणून ते नेहमी एसटीनंच जातात, असं शिपायानं मला कौतुकानं सांगितलं होतं. त्यांना तासगावला बहिणीकडं उतरायचं होतं. म्हणजे बहुतेक सगळी वाट ते आमच्याबरोबर. ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले. आई त्यांच्या मागच्या बाकावर, खिडकीशी. मी मुद्दाम लांब, शेवटी.

पुढच्या थांब्यावर गर्दी चढली. कडेवर मूल घेतलेल्या बाईला मी जागा दिली. आता रिकामी जागा एकच होती, आईशेजारी. मी उभीच राहिले.

"अहो बाई," आईच म्हणाली, "उभ्या का? बसा इथं. मी काय चावते?"

मी बसले. गाडी सुटली. खिडकीतून वारा येत होता. पुढं नाडगौडांचं डोकं डुलत होतं.

"कुठं निघालात?" आईनं विचारलं.

"विट्याला."

"हो का? मी पण विट्याचीच. कुणाच्या तुम्ही?"

"कोष्ट्यांच्या."

"कोष्टी लई आहेत विट्यात." तिनं पदर सावरला. तिला आता गंमत वाटू लागली होती. तोंडाच्या कडेला ते दिसत होतं. "नोकरी लागली म्हणे तुम्हाला. घरी कोण असतं?"

"आई असते."

"खूश होईल की."

"कुणास ठाऊक. बोलत नाही ती."

आईनं तोंड खिडकीकडं केलं. ऊस, मग द्राक्षांचे मांडव, मग पुन्हा ऊस.

"मला पण एक मुलगी आहे," ती म्हणाली. "तुमच्याच वयाची."

"काय करते?"

"शिकवते. लई शिकलीय. लहानपणापासून वाचायचं वेड. वाण्याकडनं पुडी आणली की साखर डब्यात ओतायच्या आधी कागद सोडवून वाचायची. मग मी वाण्याला सांगून ठेवलं, आमच्या पुड्या कोऱ्या कागदात बांधू नको, छापील कागदात बांध. आणि अर्धी गोष्ट नको देऊ, पुढचं पान पुढच्या पुडीला ठेव. तो म्हणायचा, वहिनी, मी किराणा विकतो का पुस्तकं?"

मला ती पानं आठवत होती. एक गोष्ट चार पुड्यांत, ओळीनं पुरी झाली होती. माझ्या नशिबाचं मला फार नवल वाटलं होतं तेव्हा.

"तिला ठाऊक आहे हे?" मी विचारलं.

"छे!"

"मग सांगत का नाही?"

"तोंडावर कसं सांगायचं? एवढ्या शिकलेल्या तुम्ही, तुम्हाला ठाऊक नाही? सगळ्यांत आधी आईची लागते." ती हळू बोलू लागली. "तिच्या आधी एक मुलगा होता मला. गोरा, गुटगुटीत. मी मिरवायची त्याला. जी येईल तिला दाखवायची, बघा माझा लेक. वर्षाचा पण झाला नाही. डॉक्टरांनी ताप म्हटलं. असेल तापच. मी काही अडाणी नाही, कळतं मला. पण ही झाली तेव्हा ठरवलं, हिचं कौतुक तोंडातनं काढायचं नाही. उगीच कशाला?"

भाऊ होऊन गेला होता हे मला माहीत होतं. त्यापलीकडं घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

"मनात म्हटलं तर चालतं?" मी विचारलं.

"मनातलं कुणाला ऐकू जातंय?" ती हसली. "मनात रोज म्हणते. तिचं ते जाड पुस्तक, डॉक्टर झाली त्याचं, ते मी सगळं वाचलं. ती कॉलेजला गेली की वाचायची. निम्मं कळलं नाही. पण ज्या बायका त्यात बोलतात ना, त्या सगळ्या मला ओळखीच्या वाटल्या. चांगलं लिहिलंय. खोटं नाही लिहिलं कुठं."

मी पुढच्या बाकाच्या दांडीला घट्ट धरून बसले.

"शहाणी आहे म्हणायची तुमची मुलगी."

"शहाणी आहे. भाकरी मात्र नकाशासारखी करते."

"आणि तुमच्या गुडघ्याचं काय झालं? डॉक्टर भेटले?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "पोरीबरोबर जायचं तर काहीतरी निमित्त नको का? ती एकटी गेली असती, आणि कोरड्या तोंडानं बसली असती दिवसभर."

समोर नाडगौडांचं डोकं आता डुलत नव्हतं. ते जागे होते. खांदे मात्र हलत होते.

तासगावला गाडी थांबली. ते उतरले, आमच्याकडं न बघता. आईनं सुटकेचा श्वास सोडला. "गेले बाई एकदाचे," ती म्हणाली, आणि तेवढ्यात खिडकीबाहेर त्यांचा हात आला. हातात कागदाची पुडी.

"बेदाणे आहेत. दोघी मायलेकी वाटून खा."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "आण्णा, ही... आम्ही..."

"अक्का, तुमची डब्याची पिशवी आणि हिची कागदांची पिशवी एकाच पडद्याची आहे. हिरव्यावर पिवळी सूर्यफुलं. ही बाकड्यावर बसली तेव्हाच बघितलं."

मी मांडीवर पाहिलं. खरंच होतं. जुन्या पडद्याच्या त्या दोन्ही पिशव्या आईनंच शिवल्या होत्या. सबंध दिवस आम्ही त्या सगळ्यांसमोर मिरवल्या होत्या.

"आता हिची नोकरी जाईल का हो?" आईनं हात जोडले.

"कशी जाईल? आत गेल्या गेल्या मी समितीला सांगितलं, निळ्या साडीतल्या उमेदवाराच्या आईची धपाटी माझ्या पोटात आहेत. मी हिला गुण देणार नाही. गुण बाकीच्यांनी दिले. मी नुसते प्रश्न विचारले. पण मग सगळ्यांत अवघड विचारले." ते माझ्याकडं वळले. "काय डॉक्टर कोष्टी, तिसरं माणूस होणं जमणार नाही म्हणाला होतात ना? मी पुढच्या बाकावर होतो. सगळं ऐकलं."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली. ते धुळीत उभे राहून, लांबलचक हात हलवत राहिले.

आई हसू लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग उघडच. मीही. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. पुडी फोडून आम्ही बेदाणे खाल्ले. पुडीचा कागद छापील होता. मी सवयीनं तो उलगडून वाचू लागले, आणि आई आणखीनच हसली.

जरा वेळानं मी म्हटलं, "आई, ते वाण्याचं खरं?"

"कसलं वाण्याचं?"

"छापील कागदाचं."

"ते मी त्या बाईंना सांगत होते," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तू कशाला ऐकलंस?"

पुढं घरात हा आमचा खेळच झाला. मी कुठून दमून आले की ती उंबऱ्यात विचारायची, "काय हो बाई, कुठनं आलात?" मग मी तिच्याशेजारी बसायची, आणि त्या बाईंच्या कानावर पुष्कळ काही घातलं जायचं, जे मला एरवी कधी ऐकायला मिळालं नसतं. माझ्या पुस्तकात आईच्या दृष्टीवर आता सबंध प्रकरण आहे.

यंदा, फाल्गुनात, ती गेली. दवाखान्यात होती तेव्हा शेवटच्या आठवड्यात एक नवीन नर्स तिच्या उशाशी आली. माझ्याकडं बोट करून तिनं आईला मोठ्यानं विचारलं, "आजी, ह्या कोण तुमच्या?"

आईनं डोळे उघडले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एसटीत भेटल्या होत्या एकदा," ती म्हणाली.

नर्सनं काळजीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, म्हटलं, बोलू द्या.

"लई गुणाच्या आहेत," आई म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर, आपण हे कुणासमोर म्हटलं ते आठवल्यासारखं, तिनं सलाईनची सुई लावलेला हात तसाच उचलला, माझ्यावरून ओवाळला आणि आपल्या कानशिलावर टेकून बोटं मोडली.

चांगली वाजली.